कोऱ्या पाठीची पत्रिका

बहिणीचं पत्र येऊन सात वर्षं झाली होती आणि त्याला उत्तर गेलेलं नव्हतं. पत्र अगदी लहान. 'तुझी बायको गेली तेव्हा मी यायला हवं होतं, आले नाही. राग आला असेल तर तसं लिही, नसेल तर तसं लिही. पण लिही.'

भावाला राग नव्हताच. पण ग्रंथालयात कारकुनी करता करता आयुष्यभर इतकी चांगली वाक्यं डोळ्यांखालून गेली होती, की स्वतःचं वाक्य त्यांना पसंतच पडेना. जुन्या सूचीपत्रांच्या पाठीवर पेन्सिलीने मसुदा करायचा, वाचायचा, फाडायचा. वर्ष उलटलं, मग उशीर का झाला तेही लिहिणं आलं आणि काम आणखी अवघड होऊन बसलं. ताईने त्या गप्प बसण्याचा काढायचा तो अर्थ काढला. तिचंही पत्र पुन्हा आलं नाही.

आता मुलीचं लग्न ठरलं होतं. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची, आणि बोलणंही तसंच, मोजकं, वर लेबल लावल्यासारखं. लग्न तिने आणि होणाऱ्या नवऱ्याने आपल्या पगारातच बसवलं होतं. सभागृह आणि जेवण वजा जाता पत्रिकांच्या वाट्याला फारसं उरत नव्हतं.

छापखानेवाल्याने नमुन्यांची जाडजूड वही पुढे सरकवली. सोनेरी कडेच्या, रेशमी दोरीच्या, दारासारख्या उघडणाऱ्या पत्रिका. वडिलांचा हात एका जाड, सायीच्या रंगाच्या पत्रिकेवर रेंगाळला. किंमत ऐकून त्यांनी ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली. शिवाय वजन बघा, टपाल दुप्पट पडेल, असं मुलीने ऐकवलं.

मग छापखानेवाल्याने टेबलाखालून एक गठ्ठा काढला. कुठल्याशा मोठ्या कामातून कापून उरलेला पुठ्ठा, तळहातापेक्षा थोडा मोठा. छपाई एकाच बाजूला, पाठ कोरी. नग एकशे दहा. संपले की संपले, पुन्हा यंत्र लावायचं तर पुन्हा पहिल्यापासून खर्च. यादी एकशे आठ घरांची होती. मुलीने तिथल्या तिथे हो म्हटलं.

वाटेत वडील कुरकुरले. कोरी पाठ बरी दिसत नाही, लोक काय म्हणतील.

"लोक पाठ बघत नाहीत, बाबा. जेवण बघतात," मुलगी म्हणाली. "आणि पाठ कोरी ठेवायचीच नाही. प्रत्येकीवर तुम्ही दोन ओळी लिहायच्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

दहा पावलं गेल्यावर तीच म्हणाली, "आत्याला नुसती छापील पत्रिका गेली तर ती येणार नाही. तिला वाटेल, भावाने राग छापून पाठवला. लहानपणी दोन वर्षं मी तिच्याकडे काढली आहेत, बाबा. ती नसेल तर मला भरलेलं सभागृहही रिकामंच वाटेल."

पत्रिका छापून आल्यावर दोन दिवसांत त्यांनी एकशे सात पत्रिका लिहिल्या. शेजारी, सहकारी, लांबचे नातेवाईक. 'नक्की या, तुम्ही आलात की बरं वाटेल.' एकदाही हात अडखळला नाही. उरल्या तीन पत्रिका आणि एक पत्ता.

पहिलीवर त्यांनी लिहिलं, 'आपले पत्र यथावकाश प्राप्त झाले. उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहे.' मुलीने वाचून बाजूला ठेवली. आत्याकडे ग्रंथालयाचं पुस्तक राहिलंय की काय, असं तिने विचारलं.

दुसरीवर त्यांनी बायकोच्या आजारपणापासून सुरुवात केली. अक्षर बारीक होत होत कडेने वर चढलं आणि दवाखान्याच्या दारातच जागा संपली. ही पत्रिका मुलीने पूर्ण वाचली. मग वडिलांच्या पुढ्यातली पेन्सिल आणि सूचीपत्रांची चळत उचलून तिने कपाटात टाकली.

"आता एकच उरली आहे. फाडलीत तर आत्याला पत्रिकाच नाही," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

ते बसून राहिले. फाडता येणार नाही असा कागद त्यांच्या पुढ्यात कधी आलाच नव्हता. चहाचा कप शेजारी आला, निवला. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

'ताई, मला राग नव्हता. लिहायला जमलं नाही. ती गेली तेव्हा तू हवी होतीस. आताही हवी आहेस. ये.'

अर्ध्याहून जास्त पाठ कोरीच राहिली. 'हवी' दोनदा आलं होतं, ते त्यांना खुपलं. मुलगी पाकीट उघडं धरून उभी होती. त्यांनी पत्रिका आत सरकवली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी आधी एकशे सात पाकिटं टाकली. शेवटचं हातात धरून ते जरा थांबले. मागे पाकीट टाकायला आलेला माणूस खाकरला. त्यांनी ते फटीत सोडलं, आणि लगेच वाटलं, खाली सही करायची राहिली. दोन बोटं आत घालून पाहिली.

पाकीट केव्हाच तळाला गेलं होतं.