चित्रातला नंबर

बारा वर्षं तिनं छापखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं जुळवली होती. छापखाना बंद पडल्यावर ती वेबसाइटचं काम शिकली. सहा महिन्यांत हात बसला. पहिलं काम डॉक्टरीणबाईंचं मिळालं. त्यांचा दवाखाना नव्या जागेत गेला होता, फोनही बदलला होता. हिरव्या पट्टीवर ठसठशीत पांढऱ्या आकड्यांत तिनं रुग्णवाहिकेचा नंबर असा बसवला, की बाई म्हणाल्या, "दृष्ट लागेल हो!"

त्या सकाळी ती क्लासमध्ये सरांसमोर बसली होती. पुढं काय शिकायचं ते ठरवायला.

"तुमची नजर चांगली आहे," सर म्हणाले. "हलती चित्रं करायला शिका. नाहीतर कोडिंगमध्ये खोल उतरा. पण दोन्ही डगरींवर हात नको."

तिचं मन हलत्या चित्रांकडेच ओढत होतं. तेवढ्यात मामाचा फोन आला. मामाला दहा वर्षांपासून दिसत नव्हतं. फोन त्याला पडद्यावरचं वाचून दाखवायचा, आणि तो तिच्यापेक्षा भराभर फोन चालवायचा.

"ठकू, मामी पडलीय. छातीत दुखतंय म्हणाली आणि बसल्या जागी कलंडली. १०८ सारखा व्यस्त येतोय, दवाखान्याचा जुना नंबरही लागत नाही. तुझी साइट उघडली, तर नुसतं 'चित्र, चित्र' म्हणतेय. नंबर कुठंय गं?"

नंबर त्या हिरव्या पट्टीतच होता, आणि पट्टी म्हणजे एक अखंड चित्र. लेबलासारखं. डोळ्याला दिसणारं, फोनला वाचता न येणारं.

"श्वास चालू आहे ना?"

"आहे. पण हात गार पडलाय."

"दार उघडून ठेव. मी त्यांना फोन लावते."

पण नंबर तिला तरी कुठं पाठ होता? तिनं साइट उघडली. तिचं देखणं चित्र वरून खाली मुंगीच्या पावलानं उतरायला लागलं. पहिले तीन आकडे दिसले आणि अडकलं. सरांनी काही न विचारता आपल्या संगणकावर साइट उघडली आणि नंबर मोठ्यानं वाचला. चौथ्या रिंगला बाईंनी उचलला.

ती धावत मामाकडे पोचली तेव्हा रुग्णवाहिका निघतच होती. मामा जिन्याच्या पायरीवर मामीच्या चपला हातात धरून उभा होता.

मोठ्या इस्पितळात दुपारपर्यंत कुणी काही सांगेना. मग डॉक्टर बाहेर आले. "झटका होता. आता धोका टळलाय."

मामा म्हणाला, "साइटवर पाच-सहा मिनिटं गेली गं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तिला रडूही येईना. तिथंच बाकावरून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, चूक माझी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्ता दुरुस्त होईल?"

झाली. आकडे तिनं चित्रातून काढून साधे टाइप केले. मामाच्या फोननं ते एकेक करून वाचले.

"आता डॉक्टरांच्या वेळा बघू," मामा म्हणाला. "तो तक्ताही मुकाच आहे."

आठवड्यानं ती सरांकडे गेली. "न दिसणाऱ्यांना वापरता येईल अशी साइट करायला शिकायचंय."

सर खजील झाले. "ते मलाच येत नाही हो. माझ्याही सगळ्या साइट्स तशाच असणार."

म्हणून तिनं मामाला गाठलं. त्यानं तिच्या फोनचं वाचून दाखवणं चालू केलं, पडदा काळा करून टाकला आणि म्हणाला, "चल, डॉक्टरांची वेळ घेऊन दाखव. नुसतं ऐकून."

वीस मिनिटं झाली, तरी ती पहिल्या पानावरच चाचपडत होती. कपाळावर घाम आला.

"चिडू नकोस," मामा म्हणाला. "परत पहिल्यापासून."

इस्पितळातून घरी आलेल्या मामीनं आतल्या खोलीतून हाक मारली, "अहो, पोरीला पाणी तरी द्या!"