न धुतलेले हात

आमच्या ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. घरी ह्यांचं बीपी शहाण्यासारखं वागतं; दवाखान्याची पायरी चढली की आकाशाला भिडतं. या वेळी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "मोतीबिंदू पिकत चाललाय. आणखी लांबवलं तर नजर कितपत परत येईल, सांगता येणार नाही." रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाची नजरच गेली, तर राहिलं काय?

नणंदबाई सल्ले द्यायला सदा तयार. त्यांनी लॅव्हेंडरचं तेल आणून दिलं होतं, म्हणे मन शांत होतं. दोन्ही खेपांना मी ते तळहातांना चोळलं, ठेवणीतले कपडे घातले आणि ह्यांचा हात धरून बसले. बीपी एकशे नव्वद! नणंदबाई अशा डोक्यात गेल्या म्हणून सांगू.

आज तर सगळंच फिसकटलं. सकाळीच एक गिऱ्हाईक ॲम्प्लिफायरसाठी दुकानात ठाण मांडून बसलं. ह्यांना नीट दिसेनासं झाल्यापासून बारीक सोल्डरिंग मीच करते. हे शेजारी बसून हुकूम सोडतात. ह्यांना लेकीबरोबर पुढे पाठवलं, राहिलेल्या तारा जोडल्या आणि धापा टाकत दवाखाना गाठला. हात धुवायचे राहूनच गेले. बोटांना सोल्डरिंगच्या राळेचा उग्र वास, नखांत काळं. सिस्टरनी नाक मुरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनी माझा हात ओढून नाकाशी धरला. माझ्या बोटावरचा जुना चटका अंगठ्याने चाचपत राहिले.

"झालं त्याचं काम?"

"झालं."

"डावा स्पीकर?"

"वाजतोय. गप्प पडा आता!"

सिस्टरनी दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्राकडे बघायची माझी हिंमतच होईना.

"एकशे छत्तीस," त्या म्हणाल्या. खात्री म्हणून पुन्हा मोजलं. "एकशे चौतीस. चला काका, आत जाऊ."

मी मटकन खुर्चीत बसले.

"अहो, मग मागे दोनदा काय झालं होतं तुम्हाला?"

"तू अशी नटूनथटून, सुगंधी तेल लावून आलीस. कधी नव्हे ते गोड बोलत होतीस. म्हटलं, डॉक्टरांनी हिला काहीतरी वाईट सांगितलंय. आज सरळ कामावरून आलीस, वर खेकसलीस. मग कशाला घाबरायचं?"

मला हसूही आलं आणि रडूही. ह्यांना आत नेलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घाबरत होते मी, आणि बीपी वाढत होतं ह्यांचं.