नारिंगी कडीची पाहुणी

ग्रेसिएलाने दुर्बिणीवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा डोळा लावला. समोरच्या ओकच्या खोडाला हजारो भोकं होती आणि भोकाभोकात एकेक ओकफळ ठोकून बसवलेलं. त्या कोठारावर सुतारपक्ष्यांचं सात जणांचं कुटुंब पहारा देत होतं. त्यांच्यातच, पायात पक्षी-अभ्यासक ओळखीसाठी घालतात तशी नारिंगी कडी असलेली एक मादी सुकून सैल झालेली फळं काढून लहान भोकांत हलवत होती. अगदी निवांत.

परकी मादी कोठाराजवळ फिरकली तर हे पक्षी तिला सोलून काढतात. हिला मात्र कुणी हटकलंसुद्धा नव्हतं. नारिंगी कडी या खोऱ्याच्या नोंदवहीत नव्हती, म्हणजे बाई लांबून आलेली. तीन आठवडे ग्रेसिएलाला दुसरं काही सुचत नव्हतं. शुक्रवारी संशोधन केंद्रावर ती हे सगळ्यांसमोर मांडणार होती आणि पुढची दोन वर्षं ग्रेसिएलाला इथे कामावर ठेवायचं की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

शेजारी घडीच्या खुर्चीत वेंडेल बसला होता. एकतीस वर्षं याच टेकडीवर बसून पक्षी बघता बघता म्हाताऱ्याची मान कायमची वर झालेली. या पाहुणीबद्दल त्याला कितीदाही विचारा, बरिटोचा घास चावत तो एवढंच म्हणे, की बघत राहा.

"ती भोकं शोधत नाहीये," ग्रेसिएला हळूच म्हणाली. "तिला ती ठाऊक आहेत."

वेंडेलचं चावणं थांबलं.

मादी फांदीखाली उलटी लटकली. कडी घसरली आणि तिची एकावर एक आलेली टोकं जराशी फाकली. आत, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे रंग लालभडक होता.

ग्रेसिएलाने दुर्बिणीवरून डोळा काढून वेंडेलकडे पाहिलं. लाल कडी म्हणजे या घरचीच थोरली लेक. एप्रिलमध्ये दुसऱ्या झाडावर जागा मिळवायला भांडायला गेली, ती पुन्हा दिसली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून. खोडावर चढते कशी, ते बघ ना."

"मग बोलला का नाहीत? शुक्रवारी तोंडावर आपटले असते मी."

"गुरुवारी सांगणार होतो. म्हटलं, तोवर तुला दिसेल."

तिला त्याचा भयंकर राग आला. तीन आठवडे पाण्यात गेले होते. ती काही तरी लागेलसं बोलणार होती, पण वर त्या मादीला जागा देत एक नर बाजूला सरकला आणि तिचा राग अर्ध्यावरच राहिला.

"सहा महिन्यांनी आली. यांनी ओळखलं कसं हो तिला?"

वेंडेलने उरलेला बरिटो कागदात गुंडाळला.

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला आणि खुर्ची तिच्या दुर्बिणीजवळ ओढून बसला. "शुक्रवारी तेच मांड."

ग्रेसिएलाने वहीत एप्रिलचं पान काढलं. लाल कडीपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, मृत समजावी. तिने त्यावर रेघ ओढली आणि शेजारी आजची तारीख घालून लिहिलं, हजर.