पाचशे वर्षांची मिरच्यांची बरणी

मी तांब्याची मीनाकारी बरणी बोलतेय. कागदोपत्री माझं वय पाचशे वर्षं. मला घडवणारी थोंग शूछिन मात्र माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आहे आणि अजून वाडगाभर शेवया आरामात संपवते. आता करा हिशेब!

बीजिंगच्या एका कारखान्यात मी तिचा परीक्षेचा नग होते. जुन्या बरणीची हुबेहूब नक्कल, अगदी बुडावरच्या बादशाही शिक्क्यासकट. तिने चिमट्याने तारा वाकवून माझ्या अंगावर सारस चिकटवले, मधल्या घरांत निळा रंग भरला, चार वेळा भट्टीत भाजलं. एका पंखाची एक तार राहून गेली. परीक्षकाने मला नापास केलं, म्हणून ती मला घरी घेऊन आली.

पुढे कैक वर्षं मी तिच्या चुलीशेजारी सुक्या मिरच्या सांभाळल्या. तक्रार नव्हती.

मग तिच्या मुलाने, वेइमिनने, छू नावाचा जुन्या वस्तूंचा जाणकार आणला. मोठं भिंग, त्याहून मोठा आवाज. माझ्यावरची काजळी बघून त्याने डोळेच मिटले.

"राजमंदिरातल्या उदबत्त्यांचा धूर! पिढ्यान् पिढ्यांचा!"

"वांगी तळल्याचा आहे," शूछिन म्हणाली. "अहो, ही मी केलीय. हा पंख बघा, तार राहिलीय माझ्याकडून."

"आजीबाई, हीच तर अस्सलपणाची खूण! नकली माल करणारा अशी चूक करत नाही."

"आई, तू जरा गप्प बस ना," वेइमिन दबक्या आवाजात म्हणाला. "साहेबांना जास्त कळतं की तुला?"

भिंगातून छूला सगळं दिसलं, समोरची बाई तेवढी दिसली नाही. असल्या विद्वत्तेला काय ओवाळायचंय? मला संताप आला, पण बरणीला तोंड असून बोलता येत नाही.

"पण मग तुमच्या दाखल्यावर नाव तरी लिहा," शूछिन हट्टाला पेटली. "केली कुणी, ते लिहा."

छूने नकारार्थी मान हलवली आणि वेइमिनला मजकूर सांगितला, "लिहा. कारागीर अज्ञात."

ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने माझ्यातल्या मिरच्या परातीत ओतल्या आणि मला पुसून मुलाच्या हातात दिलं.

आता मी संग्रहालयात, काचेत आहे. लोक वाकून वाकून बघतात, पाटी वाचतात, माना डोलावतात. वाचकहो, तुम्ही आलात तर ती पाटी वाचू नका. काचेसमोर उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, थोंग शूछिन. रखवालदार हटकेल. हटकू दे.