चहाच्या पिशव्यांवरची ताई

कागदावर फोटो काय, कोणीही छापेल! मी कांद्याच्या सालीवर छापायला गेले. साल प्रिंटरात अडकली आणि नवरा म्हणाला, "आता पावावर छाप, निदान खाता तरी येईल."

मग मला वापरलेल्या चहाच्या पिशव्या सुचल्या. उघडायच्या, चोथा झटकायचा, वाळवून इस्त्री करायची आणि एकमेकींना शिवायच्या. साठ पिशव्या, ताईच्या साठाव्या वाढदिवसासाठी. तीन महिने मी घरादाराला चहा पाजून पाजून बेजार केलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. फोटो काढू म्हटलं की हिचा हात तोंडावर. चुकून निघालाच, तर "ही मी नव्हेच!" म्हणून टराटरा फाडणार. त्यामुळे आम्हा दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही, आणि ते माझ्या मनाला फार लागतं. तिचा एकटीचा, हसतानाचा एकच मी लपवून ठेवला होता.

स्टिकर काढून उरलेल्या गुळगुळीत कागदावर मी तो छापला, पिशव्यांच्या कापडावर मधोमध पालथा ठेवला आणि वरून इस्त्री दाबली. कागद सोलला. काय सुरेख उतरला होता! आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पालथा ठेवायचा, तर फोटो आधी उलटा करून घ्यायचा असतो. मी साफ विसरले होते. ताईच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर, भांगही भलतीकडे. झालं कल्याण! वाढदिवस आजच, पिशव्या संपलेल्या आणि ताई दारात हजर.

"माझा फोटो? आण इकडे, फाडते एकदाचा," कापड लांबूनच बघून ती म्हणाली. मी कापड पुढे केलं.

ताई बघतच राहिली. मग आरशासमोर गेली. आरशात पाहिलं, कापडाकडे पाहिलं, पुन्हा आरशात.

"अगं, ही मी!" ती ओरडली. "रोज सकाळी केस विंचरताना हीच तर दिसते मला. फोटोत मेली दुसरीच कुणी बाई येऊन बसायची!"

मला इतका आनंद झाला की चूक कबूल करायचं राहूनच गेलं. नवरा तोंड उघडणार, तोच मी डोळे वटारले.

"चहा टाक," डोळे पुसत ताई म्हणाली. "आणि पिशव्या फेकू नकोस हं. पुढच्या कापडावर तूही बस माझ्या शेजारी."