फडक्याखालची मूठ

मित्रांनो, ज्यात पाणी ठरत नाही असा रांजण कोणी घरात ठेवील का? मी तसाच निघालो. भट्टीतच माझ्या बुडाला बारीक चीर गेली. कुंभाराने मला अंगणात पालथा घातला आणि त्याच्या कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

तिथून मला अनुसूयाबाईंनी उचलले. ही १९२६ सालची गोष्ट. उरणजवळ मिठागरांच्या कडेला ख्रिस्ती झालेल्यांची अकरा घरे होती. कोणी मासे मारणारे, कोणी मिठागरावर राबणारे, कोणी टोपल्या विणणारे. पूर्वी ही माणसे एकमेकांच्या हातचे पाणीही पीत नसत. चांगदेव मास्तर त्यांची रविवारची उपासना चालवीत. अनुसूयाबाई त्यांच्या पत्नी.

एका रविवारी मास्तरांनी येरुशलेमातल्या पहिल्या मंडळीची हकिकत वाचली. ती माणसे एकदिलाने राहत, कोणी काही आपले म्हणून वेगळे ठेवीत नसे, म्हणून कोणाला काही कमी पडत नसे.

घरी जेवताना अनुसूयाबाई म्हणाल्या, "अहो, वाचलंत छान. पण आपण करायचं काय?"

"त्यांनी शेतं विकली, घरं विकली. आपल्याकडे विकायला आहे काय?"

"मूठभर तांदूळ तर आहे!"

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात आलो. माझ्यापुढे जुन्या लुगड्याचा पडदा लागला, तोंडावर जाड फडके आले. उपासना झाली की एकेकाने पडद्याआड यायचे आणि फडक्याखाली हात घालायचा. असेल त्याने मूठ सोडायची, नसेल त्याने पदरात लागेल तेवढे घ्यायचे. कोणी कोणाला विचारायचे नाही. अनुसूयाबाई म्हणत, "आत काय गेलं, बाहेर काय आलं, ते देवाला ठाऊक." मलाही ठाऊक असे, पण मला कुठे बोलता येते?

माझ्या पोटात लाल तांदूळ आणि पांढरा तांदूळ एक झाला. मी कधी भरलो नाही आणि कधी रिकामाही झालो नाही. ती माझी सुखाची वर्षे.

पाच वर्षांनी अनुसूयाबाई तापाने गेल्या. वेणूबाई म्हातारी शेजारी राहत असे. ती सांगे, "मास्तर अजून दोघांचा भात रांधतो नि उरलेला कोंबड्यांना घालतो." मास्तर माझ्याजवळ येऊन उगाच बसत. अनुसूयाबाई रोज उंदीर हाकलीत. आता उंदरांनी फडके कुरतडले. ते पाहून मास्तर मला म्हणाले, "तिचं एवढंच माझ्याकडे राहिलंय. तुला मी नीट सांभाळीन."

त्यांनी जुन्या होडीच्या फळीचे झाकण केले आणि खुंट्या मारून घट्ट बसवले. मधे चार बोटे रुंद भोक ठेवले. त्यावर मूठ धरून सोडली की तांदूळ आत पडे. उंदरांची कटकट मिटली.

मित्रांनो, त्या भोकातून रिकामा हात आत येई, पण तांदळाने भरलेली मूठ बाहेर जाईना. मास्तरांच्या हे ध्यानात आले नाही, कारण त्यांनी नेहमी दिलेच होते. घेतले कधीच नव्हते.

पावसाळा होता. मिठागरे बंद. तरी मी भरत चाललो. दुसऱ्या रविवारी भोकात डोकावून मास्तर आनंदाने म्हणाले, "पाहा, अनुसूया गेली तरी आपली मंडळी एकदिलाची आहे!" सगळे खूश झाले. मला ओरडावेसे वाटले, की मी भरतो आहे म्हणजे कुठेतरी चूल बंद आहे.

ती चूल तुळशीची होती. तिचा नवरा गुणाजी दोन महिने अंथरुणाला खिळलेला. दोन रविवार ती रिकामी परतली. तिसऱ्या रविवारी तिने आत मूठ भरली आणि हात अडकला. ती ओढत राहिली. बाहेर माणसे खोळंबली.

वेणूबाई ओरडली, "अगो तुळशे, तुजी मूठ हाय का पोतं? आटप की!"

सगळे हसले. मदतीला हाक मारावी तर ती तांदूळ घेत होती हे साऱ्यांना कळेल. तुळशीने तांदूळ सोडले आणि हात खेचला. हिरव्या बांगड्या फुटून माझ्यात पडल्या. मनगटाला पदर गुंडाळून ती बाहेर गेली.

"व्हय गो, काय झालं?" वेणूबाईने विचारले.

"काय न्हाय. उंदीर चावला."

सोमवारी मास्तरांनी मी किती भरलो ते पाहायला खुंट्या काढून झाकण उघडले. तांदळावर हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या आणि रक्ताचे दोन ठिपके. उंदीर माझ्यात येतच नव्हते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? ते म्हणाले, "अनुसूये, हे मी काय केलं!" त्यांनी झाकण कोयत्याने फोडले. घरचे होते नव्हते तेवढे तांदूळ टोपलीत घालून ते तुळशीच्या झोपडीकडे गेले. वर पानावर सुकी मासळी ठेवली होती, म्हणजे वाटेत कोणाला आतले दिसू नये.

पुढच्या रविवारी माझ्या तोंडावर नवे फडके होते. तुळशी आली आणि पदर भरून गेली. सर्वांत शेवटी मास्तर आले. घरी त्यांच्याकडे दाणाही उरला नव्हता. त्यांचा हात उघडा आत आला आणि तसाच थांबला. देताना या हाताला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

बाहेरून वेणूबाई म्हणाली, "मास्तर, तुमची मूठ पन पोतं झाली का काय?"

मास्तर हसले. अनुसूयाबाई गेल्यावर ते हसणे मी प्रथमच ऐकले. मग त्यांनी तांदूळ घेतले. एका माणसाला पुरतील एवढेच.

मित्रांनो, आता मी फार जुना झालो. माझ्यासारखे भांडे तुमच्याकडे असेल, तर त्याला उंदरांपासून जरूर जपा. हातांपासून जपू नका.