भिंतीवरचा सप्टेंबर

"अरे, या गारांत मरशील! चल घरी," हिल्कामावशी ओरडली.

"एकच मिनिट, मावशी. ऊन येतंय."

"सकाळपासून तेच ऐकतेय. ढगांनी तुला शब्द दिलाय का?"

ऑस्मो हलला नाही. कॅमेरा रेनकोटाखाली पोटाशी धरून तो चिखलात उकिडवा बसला होता. आधी पाऊस, मग धुके, आता गारा. समोर एक प्रचंड दुभंगलेला धोंडा आणि त्याच्या फटीतून वर गेलेले पिवळेजर्द बर्चचे झाड. अचानक ढग फाटले. ओल्या पानांवर ऊन पडले आणि झाड असे झळाळले, की ऑस्मोला क्षणभर बटण दाबायचेही सुचेना. पाठोपाठ ऊन गेलेही, पण फोटो मिळाला होता.

हिल्काने वर पाहिले नाही. ती धोंड्याच्या पायथ्याशी वाकून, गळलेल्या पानांखालची तपकिरी अळंबी कापून बादलीत टाकत होती.

ही जागा तिला तिच्या आईने दाखवली होती. नवरा बिचारा जन्मभर त्या अळंबीचे सूप भुरकत गेला, पण ती उगवते कुठे, हे त्याला कधी कळले नाही. फिनलंडात रान कुणाचेही असो, अळंबी वेचणाऱ्याची. तिथे कुंपण चालत नाही की भांडण चालत नाही. आपली जागा जपायची तर मुकाट राहायचे, एवढेच हाती असते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बादली उचलायला हिल्काने शेजारच्या ऑस्मोला निवडले, कारण शाळेची बस चालवण्यात त्याची हयात गेली, पण 'उतरा' याच्या पलीकडे कुणी त्याचा शब्द ऐकला नव्हता. "तुझ्या तोंडाला कुलूप आहे, म्हणून आणलं हो," ती म्हणाली होती.

तोंड त्याने खरोखरच उघडले नाही. पण गावाच्या मंडळाने कॅलेंडरसाठी फोटो मागवले, तेव्हा त्याला मोह आवरला नाही. जन्मात एकदा तरी कुणी आपल्याला वा म्हणावे, एवढेच त्याला वाटले. झाड आहे, धोंडा आहे, अळंबी कुठे दिसतेय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

नाताळात कॅलेंडर घरोघर गेले, हिल्काच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरही लागले. ऑक्टोबरच्या पानावर ऑस्मोचा फोटो. लोकांनी पाठ थोपटली. पेट्रोल पंपावरचा राइमो मात्र डोळा मिचकावून म्हणाला, "काय रे, हा दलदलीपलीकडचा धोंडा ना? म्हातारी भरली बादली घेऊन तिकडूनच तर उगवते!" ऑस्मो सुटे पैसे परत न घेताच निघाला.

हिल्काला तेव्हाच सांगायला हवे होते. पण ती कॅलेंडरचे पान आधी उलटून बघणाऱ्यातली नव्हे. पुढचे दिवस आधी बघितले की ते रुसतात, असे तिचे म्हणणे. ऑस्मोने त्याचाच फायदा घेतला. रोज तिच्याकडे कॉफीला जायचे आणि रोज उद्या सांगू म्हणायचे, असे करत त्याने सप्टेंबर आणला.

पुन्हा दोघे धोंड्यापाशी गेले. शेवाळ उलथेपालथे झालेले, जिकडेतिकडे बुटांचे ठसे, एक चुरगळलेला कागदी पेला. अळंबीचे नाव नाही.

हिल्का काठीवर रेलून बघत राहिली. "कुणाला कळलं असेल रे?"

ऑस्मोने तो कागदी पेला उचलून खिशात घातला. ज्या गप्प बसण्यासाठी तिने त्याला निवडले, तेच गप्प बसणे आता त्याला चोरीसारखे वाटत होते. परतताना आपले तोंड तिला दिसू नये, म्हणून तो वाटभर पुढे चालला.

ऑक्टोबर लागला. दोन दिवस तो तिच्याकडे फिरकलाच नाही. मग मन घट्ट करून गेला. टेबलावर त्याचा कप मांडलेला होता. भिंतीकडे बघायचे नाही, असे ठरवूनही नजर गेलीच. तिथे अजून सप्टेंबरच होता, तळ्यातल्या होडीचा फोटो.

"मावशी, महिना बदललाय," त्याच्या तोंडून निघून गेले.

"मला काय वेड लागलंय? पहिल्या तारखेलाच उलटलं होतं पान." तिने कॉफी ओतली. "छान आलाय फोटो. मी तिथं सगळा जन्म खाली बघण्यात घालवला. ते झाड वर इतकं पिवळं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं बघ."

"मावशी, मी..."

"कॉफी घे. निवतेय."

"मग पान परत का फिरवलंस?"

हिल्काने वेलदोड्याच्या पावाची बशी त्याच्याकडे सरकवली. "तू रोज इथं बसतोस. ते समोर असताना महिनाभर तुझ्या घशाखाली घास उतरला असता का?"

ऑस्मो मान खाली घालून पाव चावत राहिला. त्यानंतर महिनाभर तो रोज आला आणि रोज त्या होडीसमोर बसला. त्या वर्षी हिल्काच्या स्वयंपाकघरात सप्टेंबरनंतर एकदम नोव्हेंबर लागला.